परबची पर्मनंट नोकरी

परबने पहिल्याच दिवशी माझी फाइल पुसून टाकली. चुकून नव्हे हं, माझ्या शेजारी उभं राहून, मला दाखवून पुसली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची औषधं वितरणाची कंपनी होती आणि पंधरा दिवस मान मोडून मी औषधांची यादी कॉम्प्युटरच्या मशीनमध्ये भरली होती. मी किंचाळलेच. तो म्हणाला, "बोंबलतेस कशाला? टेपवर बॅकअप घेतलायस ना? मग उतरव." टेप चढवली तर तिच्यावर निम्मी यादीच नव्हती. मी रडायच्या बेतात होते, तेव्हा त्याने आधीच काढून ठेवलेली दुसरी प्रत मशीनवर आणून दिली. "टेप भरली म्हणून खूश व्हायचं नाही, बाई. परत उतरवून बघायची. नाहीतर वाट लागते." असला आगाऊ माणूस! त्या दिवशी डब्यातली भाजी मी त्याला विचारलीसुद्धा नाही.

दिगंबर परब आमचा डेटाबेस सांभाळायचा. कुठल्या गोदामात काय आहे, कोणाला काय गेलं, ही सगळी माहिती त्याच्या हाताखाली. 'डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हा शब्द तेव्हा आमच्या साहेबांनाही एका दमात म्हणता यायचा नाही. मी पर्मनंट होते. परब मात्र सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर. त्याला रजा नाही, आजारपण नाही, आला तो दिवस त्याचा. साहेबांनी दोनदा त्याला पर्मनंट करायचा विषय काढला आणि दोन्ही वेळा हा पठ्ठ्या नको म्हणाला.

"वेडा आहेस का रे?" मी विचारलं.

"ऐक. पर्मनंट माणूस म्हणजे घरची सून. सगळा पसारा तिच्या डोक्यावर, आणि नाव सासूचं. कंत्राटी म्हणजे लग्नातला आचारी. पंगत उठली की झारा उचलून चालू पडायचं. आणि कन्सल्टंट म्हणजे व्याही. पंख्याखालची खुर्ची, चहा, फराळ, चार गोष्टी सुनवायच्या आणि निघायचं. मला व्याही व्हायचंय, शुभा. पण आधी दहा लग्नांत आचारी व्हावं लागतं ना, यार."

मी हसले. पण थट्टेखाली निराळंच दुखणं होतं, ते पुढे कळलं. त्याचे वडील गिरणीत होते. सोळा वर्षं बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कोणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. सोळा वर्षांनी ते पर्मनंट झाले, तेव्हा त्यांनी अख्ख्या चाळीला जेवण घातलं होतं. मग संप झाला, आणि गिरणी परत सुरू झाली तेव्हा त्यांना कोणी आत घेतलं नाही. "पर्मनंट आणि बदली एकाच रांगेत उभे होते गं," परब म्हणायचा. "माझ्या बापाने सोळा वर्षं ज्या शब्दासाठी घालवली, तो शब्द फुसका निघाला. मी नाही त्याच्यामागे धावणार."

बापाला मात्र हे कोण सांगणार? गिरणी गेल्यापासून म्हातारा कांदिवलीच्या खोलीत दाराशी बसून असायचा आणि मुलगा घरात शिरला की एकच प्रश्न, "झालंस काय पर्मनंट?" शेवटी वैतागून म्हणा, कळवळून म्हणा, परब एक दिवस म्हणाला, "झालो."

एका रविवारी त्याने मला जेवायला घरी बोलावलं. त्याच्या आईने सोलकढी आणि तळलेले बांगडे केले होते. हात धुतोय न धुतोय तोच त्याच्या वडिलांनी, काकांनी, कंपनीचा कागद माझ्यापुढे धरला. "गो बाय, माका इंग्लिश येना नाय. ह्येच्यात पर्मनंट खंय लिवलेला आसा? बोट ठेव बघू."

मी परबकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. कागद कंत्राटाचा होता, सहा महिन्यांचा. काकांच्या डोळ्यांत असं काही होतं की मला खरं सांगवेना. जिथे सहा महिन्यांची मुदत लिहिली होती, नेमकं तिथेच मी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा काका, इथे." त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग परबच्या धाकट्या बहिणीला, नलिनीला, हाक मारून म्हणाले, "देवाकडे साखर ठेव गो."

खाली आल्यावर मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. "मेल्या, माझ्या तोंडून खोटं वदवलंस! मग हो की खरंच पर्मनंट!"

"दोन वर्षं दे फक्त. कन्सल्टंट म्हणून माझ्या नावाची पाटी लागू दे, मग मीच सांगतो बाबांना."

दोन वर्षं कुठली? पुढच्याच वर्षी, कंत्राट संपत आलं असताना, आमचा सगळा डेटाबेस नव्या मशीनवर न्यायचं ठरलं. त्याच सुमारास परबचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ. मी म्हटलं, "घरी जा, पडून राहा." म्हणाला, "आत्ता दांडी मारली तर साहेब दुसरा आचारी बघेल." उकडलेला भात डब्यातून आणायचा, दोन घास खायचा आणि परत मशीनसमोर. सगळ्या टेप त्याने एकेक करून उतरवून पाहिल्या. एक नोंदसुद्धा गळली नाही. आठवड्याने तो बेशुद्ध पडला, त्याला इस्पितळात नेलं, आणि तिथून तो आला नाही. बत्तिसावं वर्षही गाठलं नव्हतं त्याने.

महिनाभराने गेटवरून निरोप आला, कोणीतरी भेटायला आलंय. खाली काका उभे होते, धुतलेला सदरा घालून. सोबत नलिनी, हातात टायपिंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट. काका म्हणाले, "गिरणीत असाच होता, बाय. पर्मनंट माणूस गेलो की त्येची जागा घरात रवता. झिलाक नायतर भावाक देतत. आमच्या घरात आता ह्याच पोर आसा. तुझ्या सायबाक सांग."

मेलं, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. वर साहेबांकडे ते गेले असते तर तिथे कोणातरी परक्या माणसाने त्यांना खरं काय ते तोंडावर सांगितलं असतं. मी त्यांना गेटजवळच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. कागदात काय होतं, मी बोट कुठे ठेवलं होतं, सगळं. नलिनी रडायला लागली. काका रडले नाहीत.

"म्हणजे माझो झील बदलीच होतो?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी गेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी रोज त्येका सांगी, तू पर्मनंट आसंस, हक्काची रजा आसा, घे आणि निज. तो हसा आणि जाय. माका वाटा, कामाची हौस आसा. बदलीवालो ताप आसलो तरी गेटार जाता गो, खाडो करूक घाबरता. माका म्हायत नाय काय? सोळा वर्षां मी तसोच गेलंय. बदली आसा म्हणान माका कळला असता, तर दारात आडवो पडलंय असतंय. उंबऱ्याभायर जाऊक दिलंय नसतंय त्येका."

नलिनीने त्यांना हात धरून उठवलं. दोन पावलं जाऊन ते वळले आणि अगदी हळू, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाले, "तुवां तरी माका सांगूक होया होता, बाय."