सोयरिकीचा फोटो

मागची पत्र्याची खोली स्लॅबची धरून घरपट्टी दुप्पट आली, म्हणून नगरपरिषदेत सुनावणीला गेलो. पुराव्याला घराचा फोटो नेला, तोही वास्तुशांतीचा, तोरण-लायटिंगसकट, समोरून काढलेला. घर देखणं दिसलं की साहेब ऐकतील, ही माझी अक्कल!

शेजारी एक म्हातारा बसला होता. कुणाचंही नाव पुकारलं की अर्धा उठायचा आणि परत बसायचा. त्यानं माझी पत्र्याच्या खोलीची तक्रार ऐकली आणि फोटो हात लांब करून पाहिला.

"पाहुणे, ह्यो सोयरिकीला दाखवा. इथं काहून आणला? पत्रा कुठं हाय?"

"मागं आहे."

"मग मागून काढा की! आमी गळक्या पत्र्याचा फोटो घेऊन चौथ्यांदा येऊन राहिलो."

तेवढ्यात मला आत बोलावलं. साहेब म्हणाले, "मागचा फोटो आणा," आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आलो. म्हाताऱ्यानं सरकून मला बसायला जागा केली.