दादाची पेटी आणि मधातला देश

मंडळी, एक गोष्ट इचाराले लिहून राह्यली.

घाटंजीची कापसाची जिनिंग बंद पडली आन् माझ्या दादाले आफ्रिकेतल्या जिनिंगमध्ये फिटरचं काम भेटलं. तिकिटं मीच काढली, माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसून. दोन विमानांची दोन वेगळी तिकिटं, मधात एका देशात विमान बदलायचं. मले वाटलं, यवतमाळले उतरून आपण नागपूरची एसटी धरतो, तसंच असन.

आज मुंबईच्या विमानतळावरून त्याचा फोन आला. "संगे, काउंटरवरची पोरगी इचारून राह्यली, मधातल्या देशाचा व्हिसा कुठी हाय?"

"पण तिथं तुले बाहेर कुठी जायचं हाय, दादा?"

"पेटीसाठी जा लागते. तिकिटं वेगळी, म्हणून पेटी तिथंच उतरवतात. बाहेर निघून घ्या लागते, पुन्हा जमा करा लागते. बाहेर निघाले व्हिसा पाह्यजे."

पेटीत त्याचे पाने-पेचकस होते. वीस वर्षांचे, हाताले बसलेले. दुसऱ्याच्या पान्यानं तो साधा नट फिरवत नाही.

सामान नसलं तर आतूनच पुढच्या विमानाचा पास मिळू शकते, असं ते पोरगी म्हणाली. नाही मिळाला तर तिथूनच वापस पाठवतील.

दादानं त्याले सोडाले आलेल्या मित्राजवळ पेटी देली आन् रिकाम्या हातानं विमानात बसला. तवापासून फोन बंद हाय.

कोणी असं गेलं असन तर सांगा, तिथं माणसाले आत थांबू देतात ना?

पेटी मुंबईतच राह्यली हे आईले सांगतलं नाही; घडीघडी इचारते, "पेटी जड तं नाही झाली वं त्याले?"

मी म्हणते, नाही.