त्याच्या हातचा पीळ

आज कपाट उघडताच मेणाचा वास आला आणि पिस्कॅटवे गावाजवळच्या तिरंदाजीच्या रेंजवरची ती दुपार आठवली. सुहास, माझा नवरा, गराज सेलमधून आणलेल्या जुन्या लाकडी धनुष्यावर मला नेम धरायला शिकवत होता. बाण सोडला की धनुष्य खडखडायचं. मग तो दोरी उतरवून तिला थोडा पीळ द्यायचा, मेण चोळायचा, पुन्हा चढवायचा.

"आता सोड. आणि ऐक."

या वेळी ते हलकेच गुणगुणलं.

"झालं ट्यून," तो हसला.

मी दोरी उतरवायला घेतली. चढवलेली ठेवली की लाकूड बाद होतं, हे त्यानंच शिकवलेलं.

"आज राहू दे यार. उद्या परत येऊ."

पहाटे तो झोपेतच गेला.

इतक्या वर्षांत कपाटातल्या त्या धनुष्याचं लाकूड बाद झालंय. तरी दोरी मी उतरवलेली नाही. उतरवली की पीळ सुटतो, आणि तो त्याच्या हातचा आहे.