डॉर्कस पॉबजॉयची साक्ष

इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या बर्लहिल या खाणींच्या गावात डॉर्कस पॉबजॉयला सगळे एकडोळी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. नवरा रूबेन खाणीत उतरायचा आणि ती दोन गाढवांवर कोळशाच्या गोण्या लादून ब्रिस्टलला विकायला न्यायची. गोणी उचलण्यात ती पुरुषाला हार जायची नाही, शिव्या देण्यात तर नाहीच.

तिला एकच मूल झालं, सायलस. सहा वर्षांचा असताना एका रविवारी तो शेजाऱ्यांची अंडी चोरून पळाला आणि पाणी भरलेल्या जुन्या खाणीवरची कुजकी फळी त्याच्या पायाखाली मोडली. तिसऱ्या दिवशी गळ टाकून वर काढला. पाद्रीबाबांनी त्याला रीतसर पुरलं, पण कबरीपाशीच म्हणाले, "खाणवाल्यांची पोरं जनावरांसारखी वाढतात, मग ती तशीच मरतात." डॉर्कसनं त्यानंतर देवळात पाऊल टाकलं नाही.

दोनेक वर्षांनी काही नवे ख्रिस्ती उपदेशक आले. देवळांची दारं त्यांना बंद होती, म्हणून माळावर उभे राहून बोलायचे. ते प्रार्थनेचे नियम काटेकोर पाळत, म्हणून लोक त्यांच्या माणसांना हिणवायला मेथडिस्ट म्हणत. डॉर्कसची थोरली बहीण हेस्टर तिला ओढत घेऊन गेली. हेस्टर विधवा होती, कडेवर तान्ही टॅबिथा. डॉर्कस गाढवांचे दोर धरून गर्दीच्या कडेला उभी राहिली, कुजबुजत टिंगल करत. माळावरचा माणूस म्हणाला की ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, एकालाही न वगळता. तिची टिंगल थांबली. पुढचं तिनं काही ऐकलंच नाही. एकालाही न वगळता म्हणजे सायलससुद्धा, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. घरी येईपर्यंत ती रडत होती, आणि गाढवं आपली आपण वाट काढत होती.

पुढच्या उन्हाळ्यात देवळाचे घंटा वाजवणारे लोक बिअर पिऊन त्या माळावर आले. झुंजीत कुत्र्यांनी फाडलेला, चवताळलेला एक बैल त्यांनी प्रार्थनेत घुसवला, आणि लोक पळायला लागले तसे दगड मारले. एक दगड डॉर्कसच्या डाव्या डोळ्यावर बसला. ती खाली पडली तेव्हा हेस्टर तिच्या अंगावर पालथी पडली आणि बाकीचे दगड स्वतःच्या पाठीवर घेतले. घरी आणल्यावर हेस्टरनं आपलं दूध त्या डोळ्यात पिळलं, रोज दोनदा, तीन आठवडे. डोळा वाचला नाही. पण या दोघी बहिणींसारखं प्रेम बर्लहिलनं पाहिलं नव्हतं, असं तेव्हा लोक म्हणत.

मग उपदेशकांमध्येच फूट पडली. एक जण म्हणायचा तारण सगळ्यांसाठी आहे, दुसरा म्हणायचा फक्त निवडलेल्यांसाठी. मेथडिस्टांनी बर्लहिलमध्ये बांधलेल्या प्रार्थनाघरात दोन्हीकडची पत्रं मोठ्यानं वाचली गेली, आणि ज्यांनी एकत्र दगड खाल्ले होते ते एकमेकांना सैतानाची अवलाद म्हणू लागले. शेवटी बाकं वाटून घेतली. एक बाक जास्तीचं निघालं, ते करवतीनं मधोमध कापलं.

हेस्टर निवडलेल्यांच्या बाजूला गेली.

"जग निर्माण होण्याआधीच देवानं आपली माणसं निवडून ठेवलीत," ती एकदा डॉर्कसच्या घरी येऊन म्हणाली. "आपण काय करतो यावर ते नाही."

रूबेन कोपऱ्यात पाय धूत होता. त्याला ना या बाजूचं पडलं होतं ना त्या. "म्हणजे यादी आहे म्हणा की. मुकादमाकडे असते तशी. माझं नाव कितवं असेल, हेस्टरबाई?"

"तुमचं हे हसणंच तुमचं उत्तर आहे, रूबेन."

"बरं झालं. म्हणजे आता प्रार्थनेला यायची कटकट नाही."

डॉर्कस हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती हेस्टरच्या घरी गेली. हेस्टर सलगम सोलत बसली होती.

"ताई, माझा सायलस?"

हेस्टरची सुरी थांबली. "खोटं बोलू का तुझ्याशी?"

"बोल."

"नाही बोलता येत गं. रविवारी, देवाच्या वारी, चोरी करताना मेला तो. शिव्या देत पळत होता. देव आपल्या माणसाला तसा नेत नाही. मी रोज रडते त्याच्यासाठी. पण देवाच्या न्यायाला आमेन म्हणायला तुला शिकावंच लागेल, डॉर्कस. आज ना उद्या."

मग तिनं सलगम भांड्यात टाकले आणि म्हणाली, "जेवून जा."

डॉर्कस न जेवता निघाली. हेस्टर हे सगळं मायेनं बोलली होती, आणि तेच डॉर्कसला सोसवेना. दगड मारणाऱ्यांना तिनं माफ केलं होतं, त्यांच्यासाठी प्रार्थनाही करायची. हेस्टरसाठी तिच्या तोंडून एक शब्द निघेना.

डॉर्कसच्या बाजूच्या लोकांची दर गुरुवारी बैठक असे. पुढारी होता एब्नेझर टिली, लोहार, सरळ आणि कोरडा माणूस. फुटून गेलेल्यांची नावं बैठकीच्या वहीतून काढायची होती, आणि कुणाबद्दल काय ठाऊक आहे ते त्यानं विचारलं. डॉर्कस उठली.

तिला जे ठाऊक होतं ते हेस्टरनं एकट्या तिला सांगितलं होतं, डोळ्याच्या आजारपणात उशाशी बसून. हेस्टरचा नवरा गिडियन खाणीतल्या स्फोटात भाजला आणि अकरा आठवडे ओरडत पडला होता. तो लवकर मरावा म्हणून हेस्टरनं प्रार्थना केली होती. शेवटच्या संध्याकाळी त्यानं पाणी मागितलं, आणि तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

डॉर्कसनं ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

मग टिलीनं हेस्टरच्या नावावर रेघ मारली. "कठीण होतं हे, बाई. पण खरं बोललीस."

आठवड्याभरात सगळ्या बर्लहिलला कळलं. गिडियनचा भाऊ हेस्टरच्या दारात पाण्याची बादली ओतून गेला. बायका विहिरीवर ती आली की म्हणायच्या, "घ्या हो, तुम्ही घ्या आधी पाणी. तुम्हाला तर आधीच निवडलंय." हेस्टर मान खाली घालून भरायची. डॉर्कसला तिनं जाब विचारला नाही. डॉर्कस समोरून आली तर बाजूला होऊन वाट द्यायची, तिला आणि तिच्या गाढवांनाही.

फुटीनंतर चौथ्या वर्षी हेस्टरला क्षय झाला. तिच्या बाजूचे लोक सुरुवातीला रोज यायचे, गाणी म्हणायचे. पण तिला भीती वाटू लागली होती. मी निवडलेली नसेन, ती म्हणायची, निवडलेल्या बाईनं पाणी दिलं असतं. ते समजूत घालायचे. तरी ती घाबरायचीच. आणि निवडलेल्याला मरणाची भीती नसते असं त्यांच्या पुस्तकात स्पष्ट होतं. तिची भीती पाहून त्यांना जे समजायचं ते समजलं. हळूहळू येणं थांबलं. शेवटी एका म्हातारीनं दारातूनच भाकरी ठेवली आणि आत न येता गेली.

तेव्हा हेस्टरनं डॉर्कसला बोलावलं.

मार्चमधली दुपार होती, पुरुष खाणीत होते. डॉर्कस अंगावरचा कोळसा न धुताच गेली. खाटेवर हाडांची मोळी पडली होती. सहा वर्षांची टॅबिथा चुलीपाशी फडकी पिळत होती.

"आलीस," हेस्टर म्हणाली. "बस. माझ्याजवळ वेळ नाही, म्हणून लगेच मागते. तुमच्याकडे म्हणतात ते वाक्य मला म्हणून दाखव. एकदाच."

"कोणतं?"

"तुला माहितेय कोणतं. तो सगळ्यांसाठी मेला, ते. मला आता ते स्वतःला म्हणवत नाही. तू म्हटलंस तर बसेल विश्वास. तू खोटं बोलत नाहीस."

डॉर्कसचा त्या वाक्यावर विश्वास होता. जगात दुसऱ्या कशावर नव्हता एवढा होता. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही. समोर हेस्टर होती, तिच्यासाठी पाठीवर दगड झेललेली. पण डॉर्कसला दिसले सलगम, आणि हेस्टरची त्या दिवशीची शांत, ओली नजर.

"मला काय माहीत, ताई," ती म्हणाली. "ते आधीच ठरलेलं असतं ना?"

हेस्टरनं भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस जगली. त्या दोन दिवसांत डॉर्कसनं तिला पुसलं, पाजलं, अंगाखालचं गवत बदललं, पाणी मागितलं तेव्हा तेव्हा दिलं. ते वाक्य दिलं नाही. हेस्टर मेली तेव्हा तिचे डोळे मिटेनात, बोटांनी दाबून धरावे लागले.

टॅबिथाला डॉर्कसनं घरी आणलं. पुढच्या गुरुवारी बैठकीत तिनं आपलं पाप सांगितलं, सरळ, कुणाची दया न मागता. तिला वाटलं होतं टिली तिचंही नाव खोडेल. तिला तेच हवं होतं.

टिलीनं वही मिटली. "पाप कसलं, बाई? त्या शिकवणीचं शेवटी काय होतं ते देवानं तुझ्या हातून दाखवलं. हे लोकांना कळायला हवं. तू उभी राहून सांग."

डॉर्कसनं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी पंथाचे लोक एकत्र पाव खायला जमत, त्या प्रेमभोजनाला, पाव आणि पाण्याचा दोन कानांचा पेला फिरून झाला की तिला साक्षीला उभं करत. किंग्जवुडहून, बाथहून माणसं ऐकायला यायची. सांगता सांगता गोष्ट बदलत गेली. आधी हेस्टर नुसती रडायची, मग ओरडायला लागली, मग आपली शिकवण खोटी होती असं कबूल करून मरायला लागली. बदल मुद्दाम केले नव्हते. प्रत्येक वेळी टिली म्हणायचा, अजून थोडं सांग, आणि प्रत्येक वेळी तिला थोडं आणखी आठवायचं. लोक ढसाढसा रडायचे. एकडोळी हा शब्द आता आदरानं म्हटला जाई.

टॅबिथा बारा वर्षांची झाली तेव्हा तिला पहिल्यांदा प्रेमभोजनाचं तिकीट मिळालं. ती पुढच्या बाकावर बसली. साक्ष पूर्ण ऐकली. संपल्यावर सगळे गाणं म्हणायला उठले, तशी तीही उठली, आणि गाणं न म्हणता मावशीसमोर येऊन उभी राहिली.

"आई ओरडली नव्हती," ती म्हणाली. "मी तिथं होते."

"टॅबिथा, घरी बोलू."

"ती फक्त मागत होती."

ती घरी गेली नाही. चालत ब्रिस्टलला गेली आणि एका साखर व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. डॉर्कस कोळसा घेऊन त्या गल्लीत जायची, मागच्या दारी उभी राहायची. दुसरी मोलकरीण येऊन गोणी घ्यायची. असं कित्येक वर्षं चाललं. रूबेन म्हणायचा, "कशाला जातेस? पोरीनं तुला कधीच खोडून टाकलंय." ती गाढवांवर गोण्या लादत राहायची.

प्रेमभोजनाला मात्र उभी राहत गेली, आवाज जाईपर्यंत. एकाहत्तराव्या वर्षी मेली. पाचशे माणसं प्रेतामागे चालली, पाद्रीबाबांच्या देवळातली घंटासुद्धा वाजली. टॅबिथाला निरोप गेला होता. तिनं निरोप्याला मागच्या दारातच सांगितलं की त्या दिवशी घरात पाहुणे आहेत, तिला सुटी मागता येणार नाही.