अप्पांनी उचललेली हलकी बंदूक

गेल्या रविवारी आमच्या नवनगरच्या घरात दोन बंदुका आल्या. घाबरू नका... दोन्ही खोट्या होत्या.

मी तारिहाळच्या एका वर्कशॉपमध्ये ऑफिसचं काम बघते. शेजारच्या रिकाम्या शेडमध्ये सध्या एका कन्नड सिनेमाचं शूटिंग चाललंय, शेडची चक्क बँक करून टाकलीय. सिनेमात लागणाऱ्या वस्तू तयार करणारे महादेवण्णा बंदुकीच्या नळीसाठी पाइप कापून घ्यायला आमच्याकडे आले होते. बोलता बोलता मी म्हटलं, आमचे अप्पा बँकेत गार्ड होते, दुनळी घेऊन दारात उभे राहायचे...

झालं! अण्णांनी अप्पांचा जुना फोटो मागून घेतला आणि त्यावरून तशीच बंदूक बनवली. एक नाही, दोन. मी विचारलं, सिनेमातल्या एकाच गार्डला दोन कशाला?

तेव्हा कळलं. खरी बंदूक सेटवर आणायची म्हणजे पोलिसांची परवानगी, धोका, शंभर कटकटी. म्हणून कॅमेरा जवळ असला की लाकूड आणि लोखंडाची जड बंदूक द्यायची. गार्ड गोळी लागून कोसळतो त्या वेळी ती काढून हुबेहूब तशीच रबराची द्यायची, म्हणजे कुणाला लागत नाही. बार आणि धूर नंतर कॉम्प्युटरवर.

शूटिंगच्या आधी अप्पांनी एकदा दोन्ही बंदुका हाताळून बघाव्यात आणि काही चुकलं असेल तर सांगावं, अशी अण्णांची इच्छा होती. मी हो म्हटलं. घरात आजकाल अप्पांना कोण काय विचारतंय...

अप्पांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवा हात तेव्हापासून मांडीवर पडून असतो, थोडाफार हलतो इतकंच. फिजिओने दाबायला चेंडू दिलाय, तो दाबायचाही त्यांना कंटाळा. मोतीबिंदूमुळे नीट दिसतही नाही.

मग बंदुकीचं लायसन्स पुन्हा झालं नाही आणि त्यांची स्वतःची दुनळी जमा करायची वेळ आली. त्या दिवशी म्हणाले, एकदा खांद्याला लावून बघतो. छातीपर्यंतसुद्धा गेली नाही. मीच त्यांच्या हातातून काढून घेतली, आणि त्यानंतर आम्ही घरात बंदुकीचा विषय कधी काढला नाही.

तर रविवारी अण्णा आले. पिशवीतून बंदूक काढली आणि अप्पांच्या हातात दिली. आजारी माणूस आहे, म्हणून त्यांनी रबराची दिली... यात त्यांचं काय चुकलं?

अप्पांनी डावा हात नळीखाली घातला, उजवा मागे. आणि उचलली... सरळ खांद्यापर्यंत! मी दारातच उभी राहिले. अप्पांनी एक डोळा मिटला, गाल टेकवला, आणि तसेच थांबले.

"कै बंतु!" अप्पा ओरडले. "विजू, बघ की गं! हात आला माझा!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. अप्पा हसत होते... आई गेल्यापासून असं हसताना मी त्यांना बघितलंच नव्हतं. मी मुकाट्याने मोबाइल काढून फोटो घेतला.

अण्णा बंदूक कशी झालीय हे न विचारताच निघून गेले. दुसरी, लोखंडाची, पिशवीतून निघालीच नाही. संध्याकाळभर अप्पा हाताकडे बघून कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणत होते. चेंडू त्यांनी कपाटावर ठेवायला लावला, आता कशाला म्हणे! सांगायचं, सांगायचं म्हणत मी नुसती स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहिले.

सोमवारी सकाळी त्यांनी उजव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला. एकट्याने, कुणाला हाक न मारता. तांब्या खाली... धोतर, चादर, जमीन, सगळं ओलं.

मी पुसत होते. वरून अप्पांचा आवाज आला, अगदी हळू. "ती बंदूक कशाची होती गं?"

"रबराची," मी म्हटलं. मान वर करायचा धीर झाला नाही.

अप्पांनी दिवसभर ताटाला हात लावला नाही, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी कामावरून आले तर म्हणाले, "त्या अण्णाला फोन लाव." मला वाटलं, आता भांडणार. मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला.

"बंदूक चांगली झालीय," अप्पा म्हणाले. "पण आत लोखंड घाल. उचलताना खांदा खाली जायला पाहिजे. नाही गेला तर लोकांना कळतंय की."

मग म्हणाले, "मला नाही कळलं. पण लोकांना कळतंय."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. अण्णांनी रबराच्या आत सळी घातली होती. त्या नटाने बंदूक उचलली, त्याचा खांदा जरासा खाली गेला, आणि मला लहानपणी बँकेच्या दारात बघितलेले अप्पा दिसले. डबा तसाच परत आणला.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. तुमच्यासारखीच उचलली, म्हटलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "एका हातानं?"

"हो... उजव्या."

अप्पांनी मान हलवली. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाले, कपाटावरचा चेंडू दे.

महादेवण्णांचे आभारच मानायचे आहेत मला. इतक्या दिवसांनी कुणीतरी अप्पांना काहीतरी विचारायला आमच्या घरी आलं होतं. या पोस्टसोबत रविवारचा तो फोटो टाकणार होते... पण नाही टाकत. त्यात अप्पा इतके हसतायत, की मलाच बघवत नाही.