तिसरं बेट अनवाणी

"बूट काढ म्हणतेय ना मी!"

"नाही काढत."

"अगं, एवढासा तर रस्ता आहे. दीपगृहापासून वरच्या चॅपेलपर्यंत. माझ्यासाठी काढ."

"तुझ्यासाठीच तर आठवडाभर पाय झिजवले. दोन बेटं पालथी घातली. बूट घालून. तूच आणलेले बूट."

"मग तिसऱ्या बेटावर काढ की! काय बिघडतं?"

"का काढायचे, ते सांग आधी."

मी गोड पावांची टोपली घेऊन इदालिनाच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत जावं की मागच्या मागे वळावं, कळेना. आदल्या दिवशी फिलोमेना, इदालिनाची धाकटी बहीण, अमेरिकेतली, माझ्याकडे येऊन टोपलीभर पाव भाजायला सांगून गेली होती. "पार्टी आहे," म्हणाली होती. आता ती त्या गार फरशीवर अनवाणी उभी होती. नखांना लाल रंग, टाचा गुलाबी, आणि त्या टाचांना सकाळच्या फरशीची सवय नाही हे स्पष्ट दिसत होतं. एक पाय दुसऱ्यावर घासत होती.

आमच्या फायाल बेटाच्या या टोकाला कुणी हौसेने अनवाणी चालत नाही. ज्वालामुखीने टाकलेली जमीन आहे ही. बूट असले तरी तळवे सोलून काढते. मोठं बाईमाणूस दारात बूट काढून वाटेला लागलं, तर शेजारीण एवढंच विचारते, कुणाचा नवस?

इदालिनाने बहिणीच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्या टोपलीकडे.

"गोरेती, हे पाव कुणी सांगितले?"

"फिलोमेनाने, तिया."

"कशाला म्हणाली?"

"पार्टीला."

"हं." ती खुर्चीवर बसली. "अनवाणी पार्टी."

इदालिनाला मी जन्मापासून ओळखते; नात्याची नाही, तरी तिया, म्हणजे मावशी म्हणते. तिच्या आणि आमच्या घराची भिंत एक. दोन गाई, एक बटाट्याचं वावर, समोर निळ्या हायड्रेंजियाचं कुंपण. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "कागदांवर सही करायला नवरा हवा होता, तर सरकारने ती मलाच करू दिली. मग कशाला?" पाद्रीबाबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ती एकाच आवाजात बोलायची, गाईला बोलते तशी. आवाजात मात्र कायम एक घरघर. खोकला आला की भांडी वाजतात असं आम्ही पोरं म्हणायचो.

तो खोकला राखेचा. ती नऊ वर्षांची असताना टोकापलीकडचा समुद्र उकळायला लागला, तो वर्ष उलटून गेलं तरी थांबला नाही. आकाशातून रात्रंदिवस राख. दीपगृह अर्धं बुडालं, मक्याची शेतं बुडाली. घराच्या छपरावर राख साचली की वासे कडकडायचे. मोठं माणूस वर चढलं तर छपरासकट खाली येणार. म्हणून आई इदालिनाला चढवायची. ती हलकी. हातात झाडू, तोंडाला फडकं. सहा वर्षांची फिलोमेना खाली शिडी धरून उभी.

"मी वरून राख लोटायचे, ती फिलोमेनाच्या डोक्यावर पडायची," इदालिना सांगायची. "अख्खी पांढरी व्हायची. फक्त तोंड लाल. कारण तोंड सतत उघडं, रडायला."

छपरं तरीही पडली. पुढे अमेरिकेने आमच्या लोकांसाठी दार किलकिलं केलं. ज्यांचं सगळं राखेखाली गेलं, त्यांनी यावं. गावंच्या गावं उठली. जाण्याआधी डॉक्टर छातीला नळी लावायचा. बाप पास, आई पास, फिलोमेना पास. इदालिनाच्या छातीत डॉक्टरला घरघर ऐकू आली. "हिला बरी होऊ दे. मग पाठवा."

आजीपाशी ठेवली तिला. पहिल्या वर्षी खोकला गेला नाही. दुसऱ्या वर्षी आजी पडली, कंबर मोडली. मग आजीचं कोण करणार? दर नाताळला आई कळवायची, पुढच्या वर्षी नक्की. आजी खूप जगली. ती गेली तोवर इदालिना पस्तिशीची झाली होती आणि पुढच्या वर्षीचं नाव कुणी काढेनासं झालं होतं.

"अमेरिकेला माझी छाती पसंत पडली नाही," गाईचं दूध काढता काढता ती म्हणायची, आणि स्वतःच खिदळायची. मी लहान होते, मला त्यातली गंमत उशिरा कळली. त्यातलं बाकीचं आणखी उशिरा.

अमेरिकेतून कपड्यांची गोणी यायची. सगळ्यांच्याच घरी यायची. गोणी उघडली की साबणाचा, च्युइंगमचा, कुठल्याशा मोठ्या दुकानाचा वास घरभर. गल्लीतली पोरं नुसता वास घ्यायला जमायची. इदालिनाच्या गोणीत फिलोमेनाचे जुने कपडे असायचे. जगात धाकट्या बहिणीला मोठीचे उतरलेले कपडे मिळतात. इथे मोठीला धाकटीचे. सगळे आखूड. ती शिवण उसवायची, काखेत पट्टी जोडायची, आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सेला तेच घालून ताठ बसायची.

गेल्या हिवाळ्यात तिची आई तिकडेच वारली. इदालिनाने इथे मिस्सा लावली, काळा रुमाल बांधला, गाई पिळल्या. मग वसंतात फिलोमेनाचा फोन आला. त्या दिवशी इदालिना गाय अर्धी पिळून तशीच सोडून माझ्याकडे धावत आली होती. हाताला फेस तसाच.

"गोरेती! माझी बहीण मला फिरायला नेतेय!"

"कुठे?"

"पिको, साँ जोर्ज, आणि मग आपलं फायाल. पायी! दोघीच. नवरा नाही, पोरं नाहीत. 'फक्त आपण दोघी,' म्हणाली. स्वतःहून म्हणाली हं."

दूधवाल्याला सांगून झालं. बसच्या ड्रायव्हरला सांगून झालं. त्याने विचारलं, "कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? बहीण आहे माझी!"

समोर पिकोचा डोंगर आयुष्यभर दिसला होता तिला, बंदरावर गेलं की. पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. गाई कोण बघणार? या वेळी मी बघणार होते.

फिलोमेना आली ती दोन जोड्या बूट घेऊन. सारखेच, तपकिरी, जाड तळाचे. फोनवर इदालिनाला पट्टीवर पाय ठेवायला लावून माप घेतलं होतं. इदालिनाने बूट चढवले, अंगठा दाबून पाहिला, आणि नाड्यांवरून सारखी बोटं फिरवत राहिली.

"घट्ट होतायत का?" फिलोमेनाने विचारलं.

"नाही. बरोब्बर होतायत." मग माझ्याकडे वळून, "पाहिलंस? माझ्या मापाचे."

त्या गेल्या. मधे एकदा वैरण संपली का विचारायला इदालिनाने फोन केला, पण वैरणीचं राहिलंच. पिकोवरच्या काळ्या दगडी भिंती, प्रत्येक भिंतीआड चार द्राक्षवेली. जुन्या लाव्हाच्या पट्ट्यांना तिथले लोक गूढ म्हणतात, त्या गुढांतून दोघी चालल्या. फिलोमेना म्हणाली, "एवढे दगड कुणी दिले यांना?" तर इदालिना म्हणाली, "देवाने. मग त्याची त्यालाच लाज वाटली, म्हणून द्राक्षं दिली." हे सांगताना फोनवर दोघी इतक्या हसत होत्या की इदालिनाला ढास लागली.

साँ जोर्जचं काल परत आल्यावर सांगितलं, गोठ्यात, गाईच्या पाठीवर हात ठेवून. कड्यावरून खाली समुद्राकाठच्या वस्तीकडे उतरत होत्या. फिलोमेनाच्या पोटरीत गोळा आला. इदालिना वाटेतच बसून तिचा पाय चोळायला लागली.

"तिकडे तुला मी आठवायचे का गं?"

"रोज."

"रोज नको म्हणूस. खोटं वाटतं. कधीतरी म्हण."

फिलोमेनाने पाय लांब केला. "कधीतरी."

"हां. हे खरं."

आणि मग इदालिनाने तिला मानिन्या म्हटलं. धाकट्या बहिणीचं लाडाचं नाव. फिलोमेना शिडी धरायची तेव्हा म्हणायची तसं.

"अमेरिकेने तिला देवभोळी केलंय," इदालिना मला सांगत होती. "दोन्ही बेटांवर चॅपेलात गेली, मेणबत्ती लावली. आणि पाव! बाहेर येऊन वाटेल त्याला पाव वाटत सुटली. एका जर्मनाला दिला. तो पैसे काढायला लागला, ही रडायला लागली." मग हळूच म्हणाली, "रात्री नवऱ्याला फोनवर सांगत होती, दोन झाली, एक राहिलं. मोजतेय बघ. संपूच नये असं वाटतंय तिला."

मी घराकडे वळले. माझ्या घरी पाव फुगायला ठेवले होते.

आता ते पाव टेबलावर वाफाळत होते, आणि इदालिना खुर्चीत बसून विचारत होती, "कुणाचा नवस?"

फिलोमेनाने ओठ चावला. "आईचा."

"काय बोलली होती?"

"दोघी मुलींनी मिळून तिन्ही बेटं पायी करायची. प्रत्येक बेटावर मेणबत्ती, पाव वाटायचे. शेवटचा पल्ला अनवाणी." ती घाईघाईने बोलत होती, पाठ केल्यासारखी. "दोघींनी मिळूनच, नाहीतर धरत नाहीत. एक तिकडे, एक इकडे, म्हणून राहून गेला. मला जानेवारीत सांगितलं तिने. शेवटी शेवटी. मनगट सोडेना माझं. म्हणाली, पाय गार पडलेत, फेडल्याशिवाय ऊब यायची नाही."

"आणि तू मला फोन केलास. म्हणालीस, फक्त आपण दोघी."

"दोघीच तर होतो!"

"तिघी होतो."

गाय हंबरली. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

"सांगितलं असतं तर आली नसतीस का?" फिलोमेनाने विचारलं.

"आले असते. धावत आले असते. आई माझीही होती." इदालिनाने आपल्या बुटांकडे पाहिलं. "पण मग हे घालून गावभर मिरवले नसते."

"अगं, मी मुद्दाम नाही लपवलं. तू फोनवर इतकी खूश झालीस. मला वाटलं, नंतर सांगू. मग पिकोवर तू गात होतीस. कसं सांगणार होते?"

"बरं." इदालिनाने हात मांडीवर ठेवले. "नवस कशासाठी होता?"

फिलोमेना पुन्हा पायावर पाय घासायला लागली.

"छप्पर टिकावं म्हणून?"

"छप्पर तोवर पडलं होतं."

"मग?"

फिलोमेनाने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी उत्तर देणार होते. मी टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"अमेरिकेने घ्यावं म्हणून," ती म्हणाली.

"कुणाला?"

"आपल्याला."

"आई कशी म्हणाली? तशीच सांग."

"म्हणाली... 'आम्हाला घेऊ दे. माझ्या दोन्ही मुली चालत येतील.'"

इदालिनाने मान हलवली. तिच्या छातीतली घरघर मला दारापर्यंत ऐकू येत होती.

"म्हणजे पावला की नवस."

"अर्धा पावला, इदालिना."

"अर्धा कसला? तुला पूर्ण पावला. मागून घेतलं तुमच्यासाठी, चालायचं मी."

"मी आठ वर्षांची होते!" फिलोमेना ओरडली. "मी काय केलं? मी बोटीवर इतकी रडले की बापाने थोबाडीत दिली. आई तिकडे रोज तुझ्या नावाने ताट वाढायची, माहीत आहे तुला? माझ्या शेजारी रिकामं ताट. मी काही केलं तरी त्या ताटापुढे कमीच. आता ती तिथे तळमळतेय आणि मला झोप येत नाही. माझा विश्वासही नाही या सगळ्यावर, तरी येत नाही. काय करू मी?"

इदालिना तिच्याकडे बघत राहिली. फिलोमेनाच्या नाकातून पाणी वाहत होतं, तोंड उघडं, लाल. पाय गारठून निळे पडायला आले होते. एका क्षणाला मला वाटलं, इदालिना उठेल आणि तिचे पाय मांडीवर घेईल. ती पुढे झुकलीही.

"एवढंच राहिलंय गं," फिलोमेना म्हणाली. "बूट घालून चल हवं तर. तुझ्या वाटचंही मी अनवाणी चालते. देव काय ते बघून घेईल. पण तू बरोबर हवीस. तू नसशील तर मागची दोन बेटंही फुकट जातील."

इदालिना झुकलेली होती ती तशीच थांबली. मग तिने बुटाच्या नाड्या ओढल्या. आधी एक, मग दुसरी. दुहेरी गाठ मारली, पिकोवर फिलोमेनानेच शिकवली होती तशी.

"येतेस ना? मेणबत्ती घेऊ?"

इदालिना उठली. खुंटीवरची दुधाची किटली काढली, काळा रुमाल डोक्यावर घट्ट केला, माझ्या टोपलीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून दारातून बाहेर पडली आणि चॅपेलची वाट सोडून कुरणाकडे चालू लागली.

गाई मी पहाटेच पिळल्या होत्या. तिला ते माहीत होतं.