माउली खोलीवर राहिली तेव्हा

झारखंडची पोरं नागापूरच्या एमआयडीसीत कामाला यायला लागली, तेव्हा त्यांची विचारपूस करणारा आमच्या चर्चमधला मी एकटा. शिक्षण चौथीपर्यंत, हिंदी मोडकी, पण ठेकेदाराच्या दारात उभं राहून भांडायला शाळा लागत नाही. पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, रेशनचं दुकान, जिथं जिथं यांना बाहेरचे म्हणून हाकलायचे तिथं मी जायचो. रविवारी मिस्साला ही पोरं शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायची. मी हाताला धरून पुढं बसवली. मला ती चाचा म्हणत.

मग रेल्वेच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई आमच्या भागात घर बांधून राहायला आल्या. सगळी नोकरी भुसावळकडं झालेली, त्यामुळं हिंदी पाण्यासारखी. वर्षभरात पोरं त्यांना माँजी म्हणायला लागली. ताप आला की माँजी, ठेकेदारानं दमदाटी केली की माँजी.

मी घरी बोललो, "आता चाचाची गरज न्हाई कुनाला. उठता बसता माँजी."

बायको भाकरी थापत होती. "मग तुमीबी लुगडं नेसा. तुमालाबी म्हनतील."

गेल्या ऑक्टोबरात पोरांपैकी एका जोडप्याला खोलीमालकानं रविवारपर्यंत खोली खाली करायला सांगितलं. बाईचे दिवस भरत आलेले. तिला घेऊन रस्त्यावर जायची वेळ आली. ही गोष्ट मला कुणी सांगावी? चर्चच्या फाटकात नर्सबाईंनी. "भाऊ, तुम्हाला कळलं का?" म्हणाल्या. म्हणजे आधी त्यांना कळलेलं.

त्या कलेक्टरकडं अर्ज करू म्हणत होत्या. मी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही, थेट मालकाकडं गेलो. मालक शेतकरी माणूस, एमआयडीसीच्या कडेला रानात पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या.

"बाबा, मानसं वाईट न्हाईत," तो म्हणाला. "पन गावात बोलत्यात, बांगलादेशी ठेवल्यात म्हनून. उद्या पोलीस माझ्या दारात आले म्हंजी?"

"आधार कार्ड हाय की त्यांच्याकडं."

"कार्ड काय, कुनीबी काढतंय."

परत येताना मला सुचलं. ऑक्टोबर आमचा जपमाळेचा महिना. माउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला असते. संध्याकाळी शेजारपाजारचे जमतात, जपमाळ म्हणतात, चहा होतो, आणि दुसऱ्या संध्याकाळी माउली पुढच्या घरी जाते. बारी फादर ठरवून देतात. त्या गुरुवारी माउली माझ्याकडं होती, शुक्रवारी नर्सबाईंकडं जायची होती. मालक हिंदू असो, ख्रिस्ती असो, देव बसलेली खोली कोण खाली करील? आमच्या भागात तरी कुणाचा हात होणार नाही.

गुरुवारी जपमाळ संपल्यावर मी सगळ्यांसमोर बोललो, "उद्या माउली बाईंकडं जानार न्हाई. झारखंडच्या पोरांच्या खोलीवर जानार."

सगळे बाईंकडं बघायला लागले. त्यांनी घर धुऊन काढलेलं, झेंडूची फुलं सांगून ठेवलेली, सगळ्या गल्लीला आमंत्रण गेलेलं. त्यांचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं, खोटं कशाला सांगू?

"भाऊ, मी हेच म्हणणार होते," बाई म्हणाल्या.

झालं. केवढं मन बाईंचं, स्वतःची बारी दिली, असं जो तो म्हणायला लागला. डोकं माझं चाललेलं, मोठं मन त्यांचं झालं.

शुक्रवारी त्या जोडप्यानं लोखंडी पेटीवर धुतलेली साडी अंथरून माउली बसवली. फुलं बाईंच्या घरचीच आली. गर्दी बघून मालकाची बायको दारात आली, चपला काढून आत आली, नारळ ठेवला. "लेकरू हाय का देवीच्या हातात?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मग ती त्या दिवस भरलेल्या पोरीकडं बघत बसली.

शनिवारी माउली हलवायची वेळ आली तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, बाळंतपण होईपर्यंत माउली इथंच. फादरचा फोन आला, बाकीच्या घरांचं काय? मी म्हणालो, "फादर, त्यांना घरं हायेत." मग त्यांनी बाकीच्यांच्या बाऱ्या पुढं ढकलल्या.

रविवारी मालक आला. त्याच्या मागं त्याची बायको. आम्ही तोंड उघडायच्या आधी तीच बोलली, "देव बसलाय घरात, पोरगी अवघडलीय. आन तुमी उठवायला आलात?"

"मी कुठं उठवतोय," मालक म्हणाला. "बाबा, पोलिसात रीतसर नोंद करा तेवढी. म्हंजी मला गावात बोलता येईल."

"उद्याच करतो," मी म्हणालो.

"कागद तयार आहेत, भाऊ," मागून नर्सबाई म्हणाल्या. पिशवीतच होते. सोमवारी ठाण्यात गेलो, तर हवालदारानं बाईंना खुर्ची दिली. मी उभा राहिलो. त्याच हवालदाराशी मी आधी किती वेळा भांडलोय, पण बस म्हणाला नाही कधी.

पुढं आठवडाभरात मुलगी झाली. जोडपं त्याच खोलीत राहिलं. माउली बाकीच्या घरी जायला निघाली.

बाप्तिस्मा ठरला तेव्हा मुलीचा बाप माझ्याकडं आला. नर्सबाई धर्ममाता आणि मी धर्मपिता, असं त्यांच्या मनात होतं. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि तसाच बसून राहिलो. बायको रोज म्हणायची, "जा की, हो म्हना. लेकरानं काय केलंय तुमचं?"

शेवटी गेलो. पोरगी पाळण्यात झोपलेली. तिच्या आईनं चहा टाकला.

मी विचारलं, "आधी किसको पूछा?"

पोराला खोटं बोलता येत नाही. "पहले माँजी को, चाचा."

मी हो म्हणालो. चहा मात्र घेतला नाही.